सभागृह उठेपर्यंत

लॉर्ड एल्डरमियर यांनी शेवटचा श्वास सोडला तेव्हा त्यांची मुलगी क्लेमन्सी हिने आधी घड्याळाकडे पाहिलं आणि मग बापाकडे. दुपारचे बारा नुकतेच वाजून गेले होते.

खोलीत ती एकटीच होती. आजाऱ्याची देखभाल करणारी टॅपरबाई जेवायला खाली गेली होती. म्हाताऱ्याने एक श्वास घेतला, पुढचा घ्यावा की नाही याचा बराच वेळ विचार केला, आणि घेतला नाही. जन्मभर कुठल्याही गोष्टीला हो किंवा नाही म्हणायला त्यांना असाच वेळ लागायचा. म्हणून तीही थोडी थांबली. नाकाशी आरसा धरला. मग हातातला हात हलकेच पांघरुणावर ठेवला आणि खिडकीकडे गेली.

माणूस गेला की घराचे दर्शनी पडदे खाली ओढायचे. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या कुठल्याही मोठ्या घरात हे कोणी कोणाला शिकवत नाही. पडदे खाली आले की माळी बागेतून बघतो, माळ्याकडून तबेल्यात कळतं, तबेल्यातून गावात, आणि गावात स्टेशनावर तारघर आहे. क्लेमन्सीचा हात दोरीपर्यंत गेला होता. तिने तो मागे घेतला.

कारण आज बुधवार होता. आज तिचा भाऊ एव्हरार्ड लंडनला हाउस ऑफ कॉमन्समध्ये उभा राहणार होता, तिच्या मुलींसाठी.

लॉर्डच्या थोरल्या मुलाला बाप जिवंत असेपर्यंतच कॉमन्समध्ये बसता येतं. बापाचा श्वास थांबला की मुलगा त्याच क्षणी लॉर्ड होतो, आणि लॉर्डला त्या सभागृहात जागा नाही. राजीनामा लागत नाही, निरोपसमारंभ होत नाही. नुसती तार पोचली की उठून बाहेर जायचं. एव्हरार्डचं बिल आज दुपारी शेवटच्या मतदानाला यायचं होतं. आईला मुलांच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज करू द्यावा, एवढंच त्यात होतं. खासगी सभासदांच्या बिलांना बुधवारचाच दिवस, तोही चिठ्ठ्या टाकून मिळतो. या वर्षी एव्हरार्डची चिठ्ठी निघाली होती. मांडणाराच उठून गेला की बिल पडलं. मग पुढच्या वर्षी पुन्हा चिठ्ठ्या, आणि त्यात नशीब.

पुढचं वर्ष क्लेमन्सीजवळ नव्हतं. तिचा नवरा सर जास्पर रॉक्सटन याने मुलींना हिवाळ्याच्या आत जर्मनीत ड्रेस्डेनला आपल्या बहिणीकडे धाडायचं ठरवलं होतं. एकदा समुद्रापलीकडे गेल्या की कुठल्या कोर्टाचा कागद तिथे पोचणार? ती त्याचं घर सोडून आली त्याला दोन वर्षं झाली होती. का सोडलं ते तिने कोणाला सांगितलं नाही, आणि कायद्याने विचारलंही नाही. मुलं बापाची, विषय संपला. एवढ्या काळात मुली तिला एकदाच दिसल्या, लंडनच्या रस्त्यावर, समोरून येणाऱ्या बग्गीत. धाकट्या फॅनीने हात वर केला होता. थोरल्या इसोबेलने तो धरून खाली घेतला. दोघींपैकी कोणाचं वागणं जास्त लागलं हे क्लेमन्सीला अजून ठरवता आलं नव्हतं.

गंमत अशी, की लॉर्डसाहेबांनी स्वतः वरच्या सभागृहात, म्हणजे लॉर्ड्समध्ये, असल्या बिलाला दोनदा विरोध केला होता. मुलगी घरी परत आली त्या रात्री ते तिच्याशी बोलले नाहीत. सकाळी मात्र तिची बशी तिच्या जुन्या जागी मांडायला सांगितली, आणि पुढच्याच महिन्यात जाऊन बिलाविरुद्ध मत दिलं. जिवंतपणी दोनदा, आणि आता मरून तिसऱ्यांदा.

"नाही बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "आज नाही."

टॅपरबाई ॲप्रनला हात पुसत आली. दारातूनच तिला कळलं. तीस-चाळीस घरांतली माणसं पोचवलेली बाई ती, तिला आरसा लागत नव्हता. पडद्यांकडे हात जाणार तोच क्लेमन्सीने तिला सगळं सांगितलं, आणि सभागृह उठेपर्यंत, म्हणजे सहाच्या आतबाहेर, थांबायला विनवलं. टॅपरबाईने ऐकून घेतलं. मग खुर्ची दारासमोर ओढली आणि विणकाम काढलं.

"माझी तीन नवऱ्याने नेली होती, बाईसाहेब," ती म्हणाली. "दारूच्या नादात सोडून गेला म्हणून परत मिळाली. तुमच्यातले पुरुष पीत नाहीत का?"

"पितात. पण सोडून जात नाहीत."

जेवायला खाली जाणं भाग होतं. न जावं तर संशय यायचा, कारण घरात ल्यूशसकाका होते. सर ल्यूशस सेलबी, लॉर्डसाहेबांचे धाकटे भाऊ, निवृत्त न्यायाधीश. वारसाहक्काने थोरल्याला जमीन गेली आणि धाकट्याला बुद्धी, असं घरात म्हणत, अर्थात थोरल्याच्या माघारी. क्लेमन्सी नवऱ्याला सोडून आली तेव्हा हेच काका तिला दिवाणखान्यात बसवून म्हणाले होते की कायदा तुझ्या बाजूने नाही, पोरी, आणि मी तुला खोटी आशा देणार नाही. देऊ नये ती त्यांनी कधीच कोणाला दिली नाही.

जेवताना त्यांनी भावाची चौकशी केली. तिने सकाळसारखंच आहे म्हणून सांगितलं, आणि काकांना कोकराचं मांस आणखी घ्यायचा आग्रह केला. त्यांनी घेतलं. बटलर पिमने लॉर्डसाहेबांसाठी सूप वर पाठवलं. थोड्या वेळाने वाटी रिकामी होऊन खाली आली, तेव्हा पिमचा चेहरा उजळला. लॉर्डसाहेबांनी आज सगळं संपवलं, असं तो म्हणाला. टॅपरबाईला सूप आवडलं असावं. क्लेमन्सीने रुमाल ओठांवर धरला आणि तो तिथेच ठेवला.

इथपर्यंत सगळं निभावलं होतं. मग कारभारी डन्स्टन हॅट हातात घेऊन आला.

त्याचं काम साधं होतं. खालच्या गिरणीकडचं शेत कसणारं कूळ मागच्या आठवड्यात वारलं होतं. त्याच्या विधवेला शेत आपल्याकडेच ठेवायचं होतं, आणि शेजारच्यालाही ते हवं होतं. दोघंही उत्तरासाठी अडून बसले होते. लॉर्डसाहेब जागे असतील तर विचारून घ्यावं, नुसतं बोट हलवलं तरी पुरे, असं डन्स्टन म्हणाला. आजारपणात कारभार असाच चालला होता. बोट वर गेलं की हो, नाही गेलं की नाही.

क्लेमन्सीच्या डोक्यात त्या घटकेला लंडन होतं. ती म्हणाली, "एव्हरार्डला विचारा ना. उद्या येईलच तो."

पिमच्या हातातला चमचा बशीवर वाजला.

बाहेरच्याला यात काही वाटणार नाही. पण एल्डरमियरमध्ये बाप जिवंत असताना वारसाला जमिनीतलं कोणी काही विचारत नसे. ते माणूस मरण्याआधी त्याची कपाटं उघडण्यासारखं होतं. बाप परगावी असताना एव्हरार्डने एकदा वाळलेलं एक झाड तोडायला सांगितलं होतं, तर नाताळपर्यंत बापाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आणि एव्हरार्ड शनिवारच्या आत यायचा नव्हता, हेही सगळ्यांना माहीत होतं.

ल्यूशसकाकांनी काटा खाली ठेवला. डन्स्टनला उद्या यायला सांगितलं, अगदी नेहमीच्या आवाजात. पिमला म्हणाले की फळं नकोत. मग काठी घेऊन उठले.

"मी जरा दादाजवळ बसतो."

जिना चढताना त्यांचा गुडघा दर पायरीला कुरकुरत होता. क्लेमन्सी मागून चढत होती. वाटेत पडून बिडून पाय मोडून घ्यावा असं तिच्या मनात येऊन गेलं. पण ती पडली असती तर त्यांनी तिला तशीच टाकून आधी वर जाऊन पाहिलं असतं. दारापाशी ती पुढे झाली.

"झोपलेत, काका."

"मग नुसता बसेन. झोपलेल्या भावाजवळ बसायला तुझी परवानगी लागते का?"

टॅपरबाईने खुर्ची हलवली नाही. काका तिच्याकडे बघत राहिले. खटल्यात साक्षीदारांकडे बघायचे तसे. तिने शेवटी खुर्ची हलवली.

ते पलंगापाशी गेले. हाताची मागची बाजू भावाच्या गालाला लावली आणि तशीच ठेवली. बाई बाहेर गेली. क्लेमन्सीने दार लावलं.

"कधी?"

"बारा वाजून गेल्यावर."

"आणि मला कोकरू वाढत होतीस."

ते नोकरांना बोलवायच्या घंटेच्या दोराकडे वळले, तशी ती मधे उभी राहिली. बापाच्या पलंगाशी, म्हाताऱ्या काकाला अडवून. आपण किती खालच्या थराला आलो आहोत हे तिला कळत होतं, पण ती बाजूला झाली नाही.

"मी तीस वर्षं न्यायासनावर बसलो, क्लेम. पुरावा दडवणाऱ्यांचं मी काय केलं, तुला माहीत आहे."

"माहीत आहे. मुलं मागायला आलेल्या आयांचं काय केलंत, तेही माहीत आहे."

ते खाली बसले. बसायचं ठरवून बसले की गुडघ्याने बसवलं, ते कळलं नाही.

"कायद्यात नव्हतं."

"आज येतंय."

"ज्याला तिथे उभं राहायचा हक्क नाही त्याच्या तोंडून. विचार कर जरा. जास्परही त्याच सभागृहात आहे, समोरच्या बाकावर. समजा एका मताने जिंकलात. उद्या तो पहिला प्रश्न विचारेल, म्हातारा कधी गेला. एव्हरार्डचं मत वजा झालं की सगळं पाण्यात."

"एव्हरार्डचं मत मोजतच नाहीत."

काकांनी मान वर केली.

"बिल ज्याचं, तो मतदानाच्या वेळी दाराशी उभा राहून बाकीच्यांची डोकी मोजतो," ती म्हणाली. "त्याचं स्वतःचं त्यात धरत नाहीत. किती मतांनी जिंकलं ते कसंही मोजा, त्यात तो नसतोच."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्याच कपाटातली पुस्तकं. दोन वर्षं मला दुसरं काम काय होतं?"

काकांनी तिच्याकडे नव्याने पाहिलं. या पोरीला लहानपणी फ्रेंच आणि पियानो शिकवायला माणसं ठेवली होती, बाकीचं शिकवायचं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आणि भाषण?" ते म्हणाले. "भाषण तर तोच करणार."

"भाषण ऐकून मत बदललेला सभासद तुम्ही बघितलाय?"

त्यांचा गाल किंचित हलला. पण आवाज पुन्हा कोरडा झाला. ते म्हणाले की आपण तार पाठवणार नाही. बातमी द्यायची की नाही हे घरच्या मुलीने बघावं. पण खोटं बोलणार नाही. कोणी सरळ विचारलं तर सरळ सांगू.

"मग इथेच बसा," ती म्हणाली. "इथे विचारायला कोणी येणार नाही."

ते बसले. भावाच्या डाव्या बाजूला ते, उजव्या बाजूला ती. मग त्यांनी ती गोष्ट काढली जी तिच्या ध्यानातच आली नव्हती. कायदा झाला तरी तो नुसतं दार उघडेल, आत जाऊन उभं तिलाच राहावं लागेल. कुठल्या तरी न्यायाधीशापुढे. आणि मुली सोपवाव्यात अशी ही बाई आहे का, एवढंच तो बघेल. जास्परचा वकील विचारेल, बाईसाहेब, बापाचं प्रेत वर होतं तेव्हा आपण काय करत होता? काय सांगशील?

क्लेमन्सीला आत्ताच कुठे कळलं होतं, की मुलींसाठी जे करत होती त्यानेच मुली जाऊ शकत होत्या.

दुपार पुढे सरकेना. ऊन खिडकीतून पलंगावर आलं आणि हळूहळू लॉर्डसाहेबांच्या तोंडावर चढलं. पडदा ओढता येत नव्हता. ती उठून खिडकीशी उभी राहिली, तिची सावली चेहऱ्यावर पडेल अशी. ऊन सरकलं की ती सरकायची. एकदा पाद्रीबाबा प्रार्थनेला आले, त्यांना टॅपरबाईने जिन्यातूनच परतवलं. एकदा माळ्याने खालून वर बघून टोपी काढली. मग दिसलं की तो कपाळाचा घाम पुसत होता.

काका मधेच बोलत होते, तिच्याशी की भावाशी ते नीट कळत नव्हतं. लहानपणी तळ्यावरचा बर्फ फुटला तेव्हा दादाने त्यांना केस धरून बाहेर काढलं होतं. घरी आल्यावर मात्र बापाला स्वतःच सांगून टाकलं, दोघांनी मार खाल्ला.

"मी म्हटलं, गप्प बसला असतास तर कोणाला कळलं असतं?" काका म्हणाले. "म्हणाला, मला कळलं असतं. तेव्हा फार राग आला होता मला."

"तुम्हाला वाटतं त्यांनी आज मला घालवून दिलं असतं?"

"तुझ्या विरुद्ध मत दिलं असतं. घालवून दिलं नसतं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "वरच्या सभागृहातली त्याची खुर्ची आता एव्हरार्डची. तिथलं एक विरोधी मत कमी झालं. हे त्याला अजिबात आवडलं नसतं."

ती हसली, आणि हसताना खिडकीची चौकट घट्ट धरून राहिली.

सहाच्या सुमाराला दारावर टकटक झाली. पिमने चांदीच्या तबकात तार आणली होती. टॅपरबाईने ती दार किलकिलं करून आत दिली. वर नाव होतं लॉर्ड एल्डरमियर यांचं. घरातली कुठलीही बातमी आधी घरच्या कर्त्याला, मग ती त्याला आवडो न आवडो. एव्हरार्डने रीत सोडली नव्हती. बापाचं पाकीट क्लेमन्सीने जन्मात उघडलं नव्हतं. ती ते हातात धरून तशीच उभी राहिली.

"उघड," काका म्हणाले. "ते आता एव्हरार्डचं आहे, आणि तो रागावायचा नाही."

तारेत होतं, नऊ मतांनी मंजूर, बाबांनी माफ करावं, क्लेमला सांगा.

तिने कागद काकांकडे दिला. तिला बसायलाही वेळ मिळाला नाही, कारण खाली फरशीवर डॉक्टर एल्विन यांच्या घोडागाडीची चाकं वाजली. ते रोज संध्याकाळी येत.

डॉक्टर आत आले, पांघरूण बाजूला केलं, लॉर्डसाहेबांचा हात उचलून पाहिला. हात ताठ झाला होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि उगाचच चष्मा पुसला. या घरात त्यांचे वडीलही डॉक्टर म्हणून येत. मोठ्या घरांत काय बघायचं नाही हे त्यांना वारशातच मिळालं होतं.

ते म्हणाले की झोपेत गेलेले दिसतात, कोणाच्या लक्षात आलं नसेल, इतक्या दिवसांच्या जागरणाने सगळेच दमलेले. आपण संध्याकाळची वेळ घालतो. म्हणजे कोणाला त्रास नको. असं म्हणून ते मृत्यूचा दाखला लिहायला टेबलापाशी बसले आणि दौतीत टाक बुडवला.

ल्यूशसकाका जमिनीकडे बघत होते. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय ते बोलणार नव्हते. क्लेमन्सीने नुसतं गप्प राहायचं होतं. उद्या गावात सांगायचं, बाबा संध्याकाळी गेले, मी हात धरून बसले होते. जास्परचा वकील काय विचारणार मग? मुलींच्या आणि तिच्या मधे फक्त हे गप्प बसणं उरलं होतं. डॉक्टरांचा टाक कागदावर टेकला.

आणि कधीतरी काकांना कोणी सरळ विचारणार होतं.

पण खरं सांगायचं तर तिला अडवलं ते काकांनी नव्हे. फॅनी आणि इसोबेल परत आल्या, तर एक दिवस त्या विचारतील की आजोबा कसे गेले. दोन वर्षं त्यांना आईबद्दल खोटंच सांगण्यात आलं होतं. आणखी एक आईने स्वतः सांगायचं?

"दुपारी," ती म्हणाली. "बारा वाजून गेल्यावर. मी जवळ होते. सभागृह उठेपर्यंत मी कोणाला कळू दिलं नाही."

टाक थांबला. डॉक्टर म्हणाले, "लेडी रॉक्सटन, मी हे ऐकलं नाही असं समजा."

"ऐका, डॉक्टर. आणि तेच लिहा."

डॉक्टरांनी मदतीसाठी काकांकडे पाहिलं. मोठ्या माणसाने बाईला समजवावं, असं ते पाहणं होतं. काका काठीवर भार देऊन उठले.

"लिहा," ते म्हणाले. "आणि आणखी एक कागद घ्या. जेवणानंतर मी या खोलीत आलो. भाऊ गेलेला पाहिला. कोणाला सांगितलं नाही, तार केली नाही, पडदे ओढायला लावले नाहीत. माझं पूर्ण नाव लिहा. मी न्यायाधीश होतो, किती वर्षं होतो, तेही लिहा. मी सही करतो."

"सर ल्यूशस, याची काही गरज नाही. तुम्हाला कोणी विचारणारही नाही."

"म्हणूनच आधी लिहून ठेवतो."

क्लेमन्सीने त्यांचा हात धरला. तिने त्यांच्याकडून एवढंच मागितलं होतं की त्यांनी खोलीत बसावं. हे तिने मागितलं नव्हतं.

"काका, तुमचं नाव जाईल."

"ज्या कोणापुढे तू उभी राहशील ना," ते म्हणाले, "तो बहुतेक माझ्या हाताखाली कायदा शिकलेला असेल. आई म्हणून तू नालायक ठरलीस तर न्यायाधीश म्हणून मीही ठरतो. दोघांचा निकाल एकदम लावू दे त्याला. बघू हात धजतो का."

त्यांनी सही केली. अक्षर जरा थरथरलं, तर त्यांनी त्याच्यावरच पुन्हा नीट गिरवलं. डॉक्टर दोन्ही कागद वाळवत उभे राहिले.

टॅपरबाईने आत येऊन कोमट पाणी मागवलं आणि सगळ्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. आता ही खोली तिची होती. बाहेरच्या छोट्या मेजावर क्लेमन्सी तार लिहायला बसली. पिम शेजारी उभा होता. त्याला सगळं कळलं होतं, आणि त्याचं तोंड हातातल्या रिकाम्या तबकासारखं झालं होतं.

पत्त्याच्या जागी तिने लिहिलं, लॉर्ड एल्डरमियर. पुढे लंडनचा पत्ता घालायचा होता. ती त्या नावाकडे बघत राहिली. या नावाने आजवर एकच माणूस ओळखला जात होता, आणि तो तिला लहानपणी खांद्यावर बसवून गोठे दाखवायला न्यायचा, आणि प्रत्येक गाईचं नाव विचारायचा, आणि चुकलं तर पुन्हा सुरुवातीपासून. दुपारपासून रोखलेलं सगळं तिथे आलं. कागदावर पडू नये म्हणून तिने तोंड बाजूला केलं.

काकांनी तारेचा दुसरा कोरा फॉर्म पुढे सरकवला.

"रड आधी," ते म्हणाले. "तारघर बंद व्हायला अजून वेळ आहे."